कांदेपोहे आणि चुकलेली डेट : मराठी रंगमंचासाठी क्विअर फार्स कसा लिहावा आणि कसा बसवावा

मराठी प्रेक्षकाला फार्स समजावून सांगावा लागत नाही. एकोणिसाव्या शतकात पौराणिक नाटक संपल्यावर त्याच रात्री एक छोटा फार्स करून दाखवण्याची प्रथा होती, आणि पुढे बबन प्रभू यांनी लिहिलेल्या व आत्माराम भेंडे यांच्या साथीने रंगलेल्या फार्सांनी खोटी नावे, चुकीची दारे आणि ऐन वेळी टपकणारे पाहुणे यांची गोडी प्रेक्षकांना लावली. समलिंगी नात्याचा विषयही या रंगभूमीला नवा नाही. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगमंचावर आले. तरीही या दोन गोष्टी एकत्र फारशा आल्या नाहीत. गंभीर नाटकात समलिंगी पात्राच्या वाट्याला बहुधा दुःख आले आणि विनोदी नाटकात टिंगल. प्रेमात पडणारे, थापा मारणारे, धांदल उडवणारे आणि शेवटी प्रेक्षकांची माया मिळवणारे मुख्य पात्र समलिंगी असावे, म्हणजेच मराठीत क्विअर फार्स लिहिला जावा, एवढीच या लेखामागची इच्छा आहे. ती प्रत्यक्षात आणण्यासाठी कोणती कामे कोणत्या क्रमाने करावी लागतात, ते मी माझ्या तालमींच्या अनुभवावरून सांगतो.

आधी चूक ठरवावी, मग पात्रे

फार्स लिहिताना अनेक जण आधी मजेदार पात्रे तयार करतात आणि नंतर त्यांना अडचणीत टाकायला जातात. हा क्रम उलटा आहे. आधी एकच लहान, सर्वांना पटण्यासारखी चूक शोधावी आणि ती पहिल्या पाच मिनिटांत प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत घडवावी. प्रेक्षक एक योगायोग मोठ्या मनाने मान्य करतात, परंतु दुसरा मागितला की ते मागे टेकून बसतात. म्हणून पुढची सर्व गुंतागुंत त्या एका चुकीतून आणि ती झाकण्यासाठी बोललेल्या खोट्यांतून निर्माण झाली पाहिजे.

या लेखात मी माझ्याच एका नाटकाचे उदाहरण शेवटपर्यंत वापरणार आहे. पुण्यातील एका फ्लॅटमध्ये रविवारी सकाळी अकरा वाजता पाहण्याचा कार्यक्रम ठरला आहे. मुलीच्या घरी रंगकाम काढले असल्यामुळे मुलगीच भावाबरोबर मुलाच्या घरी येणार आहे. (प्रथेविरुद्ध काही घडत असेल तर त्याचे कारण अशा एका वाक्यात सांगून टाकावे, नाहीतर प्रेक्षक पहिला अर्धा तास त्याच शंकेत घालवतात.) मुलगा समीर गे आहे आणि हे घरी कोणालाही माहीत नाही. डेटिंग ॲपवर ओळख झालेल्या किरणशी तो दोन महिने बोलतो आहे, परंतु दोघे अजून भेटलेले नाहीत. किरणने विचारले आहे की, ‘रविवारी तुझ्याच भागात आहे, घरी येऊ का?’ नारळ आणि कोथिंबीर घेऊन लिफ्टमधून वर येताना समीर दोन संदेश लिहितो. पहिला जातो: ‘आईने आज अकराला घरी कार्यक्रम ठेवलाय.’ दुसरा असतो: ‘तेव्हा येऊ नकोस.’ तो पाठवण्याचे बटण दाबतो त्याच क्षणी फोनची बॅटरी संपते. दुसरा संदेश गेला असे समीर समजतो आणि किरण समजतो की आपल्याला आईला भेटायला बोलावले आहे.

योगायोग एवढाच. समीर घरात येऊन फोन चार्जिंगला लावतो आणि आई मिक्सर लावायचा म्हणून चार्जरची पिन काढून ठेवते. तो बंद फोन नाटकभर प्रेक्षकांना दिसेल अशा जागी ओट्यावर पडून राहील, ही गोष्ट लेखकाने तेव्हाच टिपून ठेवावी, कारण तिचा उपयोग अगदी शेवटी होणार आहे.

दुसऱ्या बाजूलाही एक गुपित हवे. आलेली मुलगी मुक्ता हिची जोडीदार रेवा आहे आणि मुक्ता केवळ घरच्यांच्या आग्रहाखातर आली आहे. लग्न जमवायला उतावीळ झालेले मामा आणि आई धरून रंगमंचावर सहा माणसे होतात. मुक्ताचा दादा मात्र नाटकभर खाली गाडी लावायला जागा शोधत राहतो आणि केवळ फोनवरच्या आवाजातून भेटतो. पुण्यात हे कारण कोणालाही खोटे वाटत नाही.

कोणाला काय माहीत आहे, याचा तक्ता

संवाद लिहायला घेण्यापूर्वी एका मोठ्या कागदावर तक्ता काढावा. वरच्या ओळीत सहा पात्रांची नावे आणि डावीकडे एकाखाली एक प्रवेश लिहावेत. प्रत्येक चौकटीत दोन गोष्टी भराव्यात: या क्षणी या पात्राला खरे काय माहीत आहे आणि ते कोणत्या चुकीच्या समजुतीत आहे. साध्या फार्समध्ये हा तक्ता उपयोगी पडतो. क्विअर फार्समध्ये त्याच्यावाचून चालतच नाही, कारण येथे गुपिते दोन थरांची असतात. ‘हा माणूस कोण आहे’ हा एक थर आणि ‘कोणाबद्दल कोणाला सांगितलेले आहे’ हा दुसरा. रेवाच्या ऑफिसात तिच्याबद्दल सर्वांना माहीत असेल, पण मुक्ताच्या घरी कोणालाच नसेल. समीर मित्रांत मोकळा असेल आणि मामांसमोर त्याच्या आवाजाची पट्टीसुद्धा बदलत असेल. असे दुहेरी जगणे ही खऱ्या आयुष्यातली रोजची कसरत आहे, आणि तिचे काम बारकाईने टिपले तर विनोद बाहेरून आणावा लागत नाही.

तक्ता भरताना भोके आपोआप दिसतात. माझ्या मसुद्यात आई दाराशी आलेल्या किरणला मुक्ताचा भाऊ समजते. मग मुक्ता एकटी येते तेव्हा ‘दादा गाडी लावतोय’ असे ती म्हणाली की सगळे नाटक तिथेच संपते. तक्त्यात मुक्ताच्या चौकटीकडे पाहिल्यावर वाट सापडली. आई तिला दारातच सांगते, ‘तुझे दादा केव्हाचे येऊन बसलेत,’ आणि मुक्ता समोरच्या अनोळखी तरुणाकडे पाहते. खरा दादा वर आला नाही तर तिच्या सोयीचेच आहे. ती क्षणभर थांबते आणि म्हणते, ‘दादा, तू पुढे आलास होय?’ या खोट्यामागे तिचा स्वतःचा स्वार्थ आहे, म्हणून ते टिकते. फार्समधील प्रत्येक खोट्याला असे कारण असले पाहिजे.

या सर्व गोंधळात प्रेक्षक मात्र कधीही गोंधळता कामा नयेत. कोणत्या दारामागे कोण आहे हे नाट्यगृहातील शेवटच्या रांगेलाही ठाऊक असावे. हसू माहीत असण्यातून येते.

मराठी क्रियापदे : सर्वांत मोठी अडचण आणि सर्वांत मोठी देणगी

दुसऱ्या भाषेतील फार्स उचलून मराठीत आणणारे बहुधा येथे अडखळतात. मराठीत माणूस स्वतःबद्दल बोलू लागला की त्याचे लिंग क्रियापदातून बाहेर पडते. ‘पोहोचलो’ किंवा ‘पोहोचले’ या एका शब्दात चुकीच्या ओळखीचा डोलारा कोसळतो. म्हणून फोनवर वाचल्या जाणाऱ्या प्रत्येक संदेशाची भाषा सोनाराच्या काट्यावर तोलावी लागते.

सुदैवाने भाषेनेच आडवाटा दिल्या आहेत. भविष्यकाळ लिंग सांगत नाही: ‘मी येईन’ कोणीही म्हणू शकते. ‘येणार आहे’, ‘मला उशीर होईल’ आणि ‘मी इथेच आहे’ या रचनाही सुरक्षित आहेत. सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ कर्माप्रमाणे चालतो. त्यामुळे ‘मी पांढरा कुर्ता घातला आहे’ या वाक्यात लिंग आहे ते कुर्त्याचे, बोलणाऱ्याचे नव्हे. मात्र ‘विसरणे’, ‘म्हणणे’, ‘पिणे’ अशी काही क्रियापदे या नियमाला जुमानत नाहीत आणि ‘मी विसरलो’ म्हणताच सगळे उघड होते. समोरच्याबद्दल बोलताना ‘तुम्ही कुठे पोहोचलात?’ हा आदरार्थी प्रयोग दोघांनाही चालतो. तिसऱ्याबद्दल बोलायचे असेल तर ‘व्यक्ती’ हा शब्द सर्वांनाच स्त्रीलिंगी करतो आणि ‘आपलं माणूस’ सर्वांनाच नपुंसकलिंगी. ‘माझं माणूस येतंय आज’ हे वाक्य समीरच्या तोंडी घालून पाहावे. त्यात प्रेम आहे, लपवणे आहे आणि एकही खोटे नाही. नावे निवडतानाही हाच विचार करावा. किरण हे नाव मुलाचेही असते आणि मुलीचेही, म्हणून मी ते घेतले.

आणि मग कोल्हापूर आहे. त्या भागातील अनेक स्त्रिया ‘मी आलो’, ‘मी करतो’ असे सहज बोलतात. रेवा कोल्हापूरची आहे. तिचा संदेश मुक्ताच्या फोनवर झळकतो: ‘निघालो गं. काळजी करू नको.’ मामांची नजर नेमकी त्यावर पडते आणि मुलीचे बाहेर कोणातरी मुलाशी जुळले आहे, अशी त्यांची खात्री पटते. ते त्या मुलाचा शोध घेऊ लागतात आणि गॅलरीत त्यांना सापडतो किरण. येथे एक काळजी घ्यावी. हशा मामांच्या घाईवर यावा. रेवाच्या बोलीवर आला तर लेखकाने एकाची थट्टा टाळून दुसऱ्याची केली, असे होईल. त्यासाठी रेवाची बोली पूर्ण नाटकभर सरळ, आत्मविश्वासाने आणि न नटवता चालवावी.

दाराशी घडणारा प्रवेश

फार्सचे हृदय असलेला प्रवेश आता पाहू. बेल वाजते आणि आई दार उघडते. आईच्या समजुतीप्रमाणे समोर मुलीचा भाऊ आहे आणि किरणच्या समजुतीप्रमाणे समीरने आईला सर्व सांगितले आहे.

आई : या, या. घर सापडायला त्रास नाही ना झाला?
किरण : नाही काकू. समीरने पत्ता नीट कळवला होता.
आई : अगंबाई, म्हणजे तुमचं आपापसात बोलणं होतं वाटतं?
किरण : रोज रात्री.
आई : बरं झालं. घरची माणसं आधीपासून जवळ आली की पुढचं सोपं जातं.
किरण : (गहिवरून) काकू, तुम्ही इतकं सहज घ्याल असं वाटलं नव्हतं.
आई : त्यात काय एवढं? आमच्याकडे मानपान, देणंघेणं काही नसतं. मुलं सुखात राहिली म्हणजे झालं.

या सात वाक्यांत प्रत्येक वाक्य दोन्ही अर्थांनी खरे आहे. असा संवाद लिहिताना आधी आईची बाजू स्वतंत्रपणे लिहावी, मग किरणची, आणि दोन्ही एकमेकांत विणाव्यात. एकही वाक्य केवळ गैरसमज टिकवण्यासाठी घातलेले असेल तर ते लगेच ओळखू येते आणि काढून टाकावे.

या प्रवेशातील महत्त्वाची गोष्ट किरणचा गहिवर ही आहे. तो खरा आहे. प्रेक्षक हसत असतानाच त्यांना कळते की या मुलाला आजवर कोणाच्याही आईने असे म्हटलेले नाही. नटाने येथे विनोद करायला जाऊ नये. डोळ्यांत खरोखर पाणी यावे इतका विश्वास ठेवावा. माझ्या तालमीत आमच्या नटाने पहिल्या दिवशी हे वाक्य लाडिक आवाजात आणि हात हलवून म्हटले, तेव्हा वाचनाला बसलेले सर्व जण मोठ्याने हसले. दुसऱ्या दिवशी त्याने ते साधेपणाने म्हटले. हसू आले, आणि त्यानंतर खोलीत जी शांतता पसरली ती पहिल्या दिवशी नव्हती. आम्ही दुसरी पद्धत ठेवली.

हशाचा हिशेब

संहितेचा पहिला पूर्ण मसुदा झाला की समासात एक नवा रकाना आखावा आणि जिथे जिथे हशा अपेक्षित आहे तिथे एकच प्रश्न लिहावा: हा हशा कशावर आहे? उत्तर ‘थाप’, ‘घाई’, ‘घमेंड’ किंवा ‘गैरसमज’ असेल तर तो ठेवावा. उत्तर ‘तो बायकी आहे’, ‘ती पुरुषी आहे’ किंवा ‘दोन पुरुष आहेत’ असे येत असेल तर ती जागा नव्याने लिहावी. याचा अर्थ नाजूक चालीचा किंवा नटवा गे पुरुष नाटकात असूच नये, असा नाही. असा माणूस अवश्य असावा. त्याची चाल ही त्याची असावी आणि त्याच्या तोंडी सर्वांत बुद्धिमान वाक्ये असावीत. मराठी रंगभूमीने बालगंधर्वांना स्त्रीभूमिकेत पाहून रसिकतेने माना डोलावल्या आहेत. साडी नेसलेला पुरुष दिसताच हसायचे, ही सवय नंतरची आहे आणि ती मोडता येते.

कपाटाचा प्रश्न स्वतंत्रपणे सांगतो. फार्समध्ये कोणीतरी कपाटात लपतेच. समलिंगी पात्राला घाबरवून कपाटात कोंबणे ही सर्वांत सोपी कल्पना आहे आणि माझ्या मते सर्वांत वाईट. आमच्या नाटकात कपाटात मामा जातात, कारण त्यांना मुक्ताच्या ‘मुलाला’ रंगेहाथ पकडायचे असते, आणि त्यामुळे पुढची पंधरा मिनिटे खरे बोलणे ऐकण्याची शिक्षा त्यांना होते.

या खऱ्या बोलण्यातूनच नाटकाच्या मध्यावरचे सर्वांत मोठे खोटे जन्माला येते. समीर आणि मुक्ता एकमेकांसमोर मोकळे होतात आणि एका झटक्यात ठरवतात की आपण दोघांनीच लग्न करून टाकावे. घरचे खूश आणि आपण आपल्या वाटेने मोकळे. तडजोडीची अशी लग्ने प्रत्यक्षातही होतात. गॅलरीतून किरण आणि स्वयंपाकघरातून, तोवर येऊन पोहोचलेली रेवा हे ऐकतात. इथवर वेग वाढवत न्यावा आणि इथे अचानक थांबावे. ज्या दोघांवर प्रेम आहे त्यांनाच आपण परके केले, हे समीर आणि मुक्ता यांना कळण्यासाठी निदान दोन मिनिटे विनोदाविना द्यावीत.

कथा कोणत्या वर्षी घडते हेही येथे ठरवावे लागते. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीच्या समलिंगी संबंधांना ते गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ च्या कक्षेतून बाहेर काढले. त्याआधीच्या काळात कथा ठेवली तर पात्रांच्या भीतीत पोलीस आणि खंडणी येते आणि फार्सचा रंग गडद होतो. नंतरच्या काळात भीती उरते ती घराची आणि शेजाऱ्यांची. सुखान्त नाटक परंपरेने लग्नावर संपते. परंतु १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला. त्यामुळे शेवटी मुंडावळ्या बांधून मोकळे होता येत नाही. शेवट दुसरा शोधावा लागतो, आणि तो नाटकाच्या भल्याचाच ठरतो.

दारे, फोन आणि पोहे

नेपथ्यात चार वाटा पुरतात: मुख्य दार, शयनगृह, स्वयंपाकघर आणि गॅलरी. शिवाय कपाट. बिजागऱ्या अशा बाजूला लावाव्यात की दार उघडताच येणाऱ्याचा चेहरा प्रेक्षकांना दिसेल. दार आपटल्यावर फ्लॅट (नेपथ्याची उभी भिंत) थरथरला की घर खोटे वाटू लागते, म्हणून मागून भक्कम टेकू द्यावा आणि टेकूवर वजन ठेवावे. दार अर्धवट उघडे राहू नये यासाठी चौकटीला लोहचुंबकाची कडी बसवावी. खरी दारे तालमीच्या दुसऱ्या आठवड्यातच मिळवावीत; खुर्च्यांना दार मानून केलेल्या तालमीत हाताला कडीची सवय होत नाही आणि प्रयोगात नेमका तो अर्धा सेकंद चुकतो. गॅलरीतून बाहेर पडून नेपथ्यामागून मुख्य दाराशी यायला किती सेकंद लागतात, ते घड्याळ लावून मोजावे आणि तेवढ्या लांबीचे संवाद रंगमंचावर आहेत ना हे तपासावे.

आधी सर्व हालचाली निम्म्या वेगाने, न चुकता बसवाव्यात आणि मगच वेग वाढवावा. घाई पात्रांची असते. नटाने शांत राहायचे असते. एकूण नाटक मध्यंतराविना ऐंशी-नव्वद मिनिटांचे ठेवावे, कारण मध्यंतरात बटाटेवडा खाऊन परतलेल्या प्रेक्षकांना पुन्हा त्याच वेगात आणणे कठीण जाते.

फोनचे आवाज ध्वनियंत्रणेवरून द्यावेत आणि नटांच्या हातातील फोन बंद असावेत. डेटिंग ॲपचे नाव आणि त्याचा टोन स्वतः तयार करावा. कोणाही खऱ्या व्यक्तीचे छायाचित्र किंवा प्रोफाइल वापरू नये. कोणाची ओळख चुकून उघड झाली तर त्याला घर आणि नोकरी दोन्ही गमवावी लागू शकतात.

हीच काळजी तालमीतही घ्यावी. नट निवडताना कोणालाही त्याच्या लैंगिकतेबद्दल विचारू नये. तालमीची छायाचित्रे संमतीशिवाय टाकू नयेत. स्पर्शाचे आणि जवळिकीचे प्रसंग हात कुठे आणि किती वेळ इतक्या तपशिलाने आधी ठरवून घ्यावेत, म्हणजे रोज तेच घडते आणि कोणालाही अवघडल्यासारखे होत नाही. रंगीत तालमीपूर्वी क्विअर समुदायातील पाच-सहा जणांना संहितेचे वाचन ऐकायला बोलवावे आणि त्या वेळी दिग्दर्शकाने संहितेकडे पाहू नये, ऐकणाऱ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहावे. कुठे हसले यापेक्षा कुठे हसू थांबले हे टिपून घ्यावे.

महाराष्ट्रात सार्वजनिक प्रयोगापूर्वी रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. नाट्यगृहाची तारीख घेण्याआधीच संहिता मंडळाकडे पाठवावी, म्हणजे बदल सुचवले गेल्यास त्यावर शांतपणे बोलायला वेळ राहतो.

राहिला शेवटचा प्रवेश. सर्व उघडे पडले आहे, मामा कपाटातून बाहेर आले आहेत आणि कोणी कोणाकडे पाहत नाही. काही करायचे म्हणून आई पोहे वाढायला घेते. हे पोहे खरे, गरम आणि फोडणीचा वास मागच्या रांगांपर्यंत जाईल असे असावेत, मात्र नटांच्या बशीत शेंगदाणे आणि शेव घालू नये, कारण बोलताना ठसका लागतो. मिक्सरचे काम संपलेले असल्यामुळे समीर चार्जरची पिन पुन्हा लावतो आणि फोन सुरू करतो. क्षणभराने दाराशी चपला घालत असलेल्या किरणच्या खिशातून नाटकाच्या सुरुवातीला ऐकलेला तोच टोन वाजतो. किरण वाचतो, ‘तेव्हा येऊ नकोस.’ आई हातातील बशी घेऊन दारापर्यंत जाते आणि म्हणते, ‘आता आलायस ना? मग खाऊन जा.’ प्रकाशयोजनाकाराने येथे वाक्यावर अंधार करू नये. किरण एका पायातील चप्पल काढून बशी हातात घेईपर्यंत दिवे तसेच ठेवावेत.